कोरांटीचं पिवळं

पुण्याच्या शनिवार पेठेत बाग म्हणजे फार तर गच्चीचा एक कोपरा. ओंकारेश्वराच्या बाजूने येणारा नदीवरचा वारा, समोरच्या इमारतीने अडवलेलं अर्धं आभाळ आणि भर दुपारी पाय ठेववत नाही अशी फरशी. एवढ्यातच काय ते फुलवायचं. थंडीत रोपवाटिकांतून साल्व्हियाचे लाल तुरे दिसतात. मूळचा ब्राझीलचा हा पाहुणा उन्हं तापली की माना टाकतो. त्याचे पिवळ्या फुलांचे, चिवट भाऊबंद युरोपातल्या थंड डोंगररानांत वाढतात. पुण्याचा वैशाख त्यांना सोसायचा नाही. इथे वर्षानुवर्षं टिकणारं पिवळं हवं असेल, तर कोरांटी लावावी.

वाड्यांच्या काळात ती परसात, आडाच्या अंगाला, पडक्या भिंतीच्या कडेने असायचीच. अंगभर काटे, त्यामुळे कुंपणाला उत्तम. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे जमीनदोस्त झाले. पुढे उरलेल्यांच्याही जागी इमारती चढल्या, परसं पार्किंगखाली गेली. कोरांटी मात्र कुंडीतही तेवढ्याच सुखाने नांदते.

कार्तिकातल्या सकाळी तिच्याजवळ बसून पाहावं. पानाच्या बेचक्यात तीन-चार अणकुचीदार काटे, आणि त्यांच्याच आडून निघालेलं हळदीत किंचित केशर कालवल्यासारखं फूल. खाली बारीक नळी, वर पाच पाकळ्या. पण त्या सारख्या पसरत नाहीत. चार एका बाजूला जातात, पाचवी एकटी खाली झुकते. मधून दोन पुंकेसर बाहेर डोकावतात. फुलाचं आयुष्य थोडं, पण शेंड्याच्या कणसात पुढची कळी तयार असते, त्यामुळे मार्गशीर्षातही परडी रिकामी राहत नाही. लेमन पॅन्सी नावाचं तपकिरी, डोळ्याडोळ्यांचं फुलपाखरू कोरांटीवर अंडी घालतं. म्हणून चार पानं कुरतडलेली दिसली तरी मी औषध फवारत नाही. एवढ्या दाटीच्या वस्तीत एका अळीला जेवू घालता येतं, हे मला फुलाइतकंच मोलाचं वाटतं.

अबोली आणि अडुळसा ही तिच्या सख्ख्या कुळातली. एक वेणीत गेली, एक खोकल्याच्या काढ्यात. कोरांटी दोन्हीकडे वावरली. आयुर्वेदात ती सैरेयक, सहचर; हिरड्या-दातांच्या दुखण्यावर चालते म्हणून वज्रदंती. लिनियसने १७५३ साली तिला बार्लेरिया प्रायोनायटिस हे शास्त्रीय नाव दिलं. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी नोंद १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. कुंपणातल्या झुडपांकडेही इतक्या निगुतीने पाहणारी माणसं या गावात होऊन गेली, याचा मला अभिमान आहे.

लावायची रीत सोपी. पावसाच्या तोंडावर वीतभर जून फांदी घ्यावी, खालची पानं काढावीत आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचावी. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं हवं; मुळाशी पाणी साचलेलं तिला खपत नाही. ऊन मात्र भरपूर द्यावं. खत जास्त झालं तर पानं माजतात, फूल हटतं. महाशिवरात्रीच्या सुमारास बहर ओसरला की निम्म्यावर छाटावी, कारण फूल येतं ते नव्या फुटीच्या शेंड्याला. उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी चुकली तरी ती रुसत नाही.

दुर्मीळ रोप जगवण्यात पराक्रम आहे, पण सुख वेगळ्या ठिकाणी आहे. आपल्या मातीला, आपल्या उन्हाला जे आपणहून मानवतं, ते ओळखून त्याला चार हात जागा करून द्यावी. मग झाड आपल्यावर ओझं होत नाही आणि आपण झाडावर. पेठेतल्या गच्च्या अजून पुष्कळ उघड्या आहेत. येत्या आषाढात कुणाच्याही कुंपणाची एक फांदी मागून आणा; कोरांटीच्या फांदीला पुण्यात कुणी नाही म्हणत नाही.