पानावरचा भात

तुमसरच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून तांदळाचा व्यापार करणारे एक कुटुंब मे महिन्याच्या सुटीत बालीला गेले. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे दादाजी म्हणतात, ते प्रथम तयार नव्हते. कंदमूळ वर्ज्य आणि सूर्यास्तानंतर पाणीही नाही. परदेशात हे निभावायचे कसे? "बाबूजी, डबा बरोबर घेऊ," असे सांगून सुनेने त्यांना राजी केले. खाखरे, भाजलेले पोहे आणि तुपाची बरणी यांवर चार दिवस निर्विघ्न पार पडले. मात्र सारे बाहेर जेवत तेव्हा दादाजी हॉटेलच्या खोलीत एकटेच जेवत. नातीला ते खुपत होते. शेवटच्या दिवशी तिने हट्ट धरला, "आज दादाजी आपल्यासोबतच बसतील."

त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांची भातशेती पाहताना दादाजी हरखून गेले होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणी वाटून घेण्याच्या तेथील 'सुबक' पद्धतीला २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, हे ऐकून त्यांना भंडाऱ्याचे मामा तलाव आठवले. वाटाड्याने सांगितले की तेथे शेतातल्या पिकाला 'पादी', कांडलेल्या दाण्याला 'बेरास' आणि शिजलेल्या अन्नाला 'नासी' म्हणतात. "म्हणजे आपले धान, तांदूळ आणि भातच की!" दादाजी म्हणाले. उपवासाला तेथे 'पुआसा' म्हणतात आणि तो शब्द संस्कृत 'उपवास'वरूनच आला आहे, हेही त्यांना तेव्हाच कळले.

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ते एका लहानशा भोजनगृहात शिरले. अशा साध्या खाणावळीला तेथे 'वारुंग' म्हणतात. चार बाके, एक मोठी चूल आणि फळीवर मांडलेली पातेली, एवढाच तिचा पसारा. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरला होता.

मुलाने 'गादो-गादो' मागवले. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी घातलेला हा पदार्थ तेथे घरोघरी होतो. त्याने अंडे, बटाटा, कांदा व लसूण वगळायला सांगितले. मालकीणबाईंनी मान डोलावली आणि मग चटणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तेरासी." तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. तो चिमूटभरच पडतो आणि चटणीत दिसतही नाही. मुलाला तो शब्द वाटाड्याकडून ठाऊक होता. त्याने घड्याळाकडे पाहिले, बाकावर बसलेल्या थकलेल्या वडिलांकडे पाहिले आणि 'चालेल' अशी खूण केली.

शेजारी उभ्या असलेल्या नातीने विचारले, "पप्पा, तेरासी म्हणजे काय?" तो गप्प राहिला. क्षणभराने तिने हळूच विचारले, "दादाजींना सांगायचं ना?"

त्या प्रश्नापुढे त्याची मान खाली गेली. नातीनेच मग मालकीणबाईंना आजोबांकडे बोट दाखवून 'पुआसा' एवढा एक शब्द सांगितला. तो नेमका शब्द नव्हता. पण नियम पाळणाऱ्या माणसाची ओळख पटायला तो पुरेसा ठरला. बाईंनी चटणीचे भांडे दूर सारले. नवी चटणी वाटून देता आली असती. परंतु ज्या दगडी खलात तेरासी रोज कुटली जाते, तोच खल असल्याचे त्यांनी आपणहून खुणेने दाखवले आणि ती करण्यास नकार दिला. मग त्यांनी केळीचे धुतलेले पान मांडले, त्यावर वाफाळता कोरा भात वाढला, शेजारी ओल्या नारळाचे तुकडे आणि दोन केळी ठेवली. तूप डब्यातले होते. सूर्य मावळण्यापूर्वी दादाजींचे जेवण झाले आणि पाच दिवसांत प्रथमच ते सर्वांच्या पंगतीत झाले.

पैसे देताना बाईंनी फक्त भाताचे आणि फळांचेच घेतले.

रात्री मुलाने वडिलांजवळ सारे कबूल केले. दादाजी रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "पोत्याच्या तोंडाशी अख्खा दाणा आणि तळाशी तुकडा भरणारे मी पुष्कळ पाहिले. त्या बाईने मात्र तळाचा माल आधी दाखवला. तू माझी भूक पाहिलीस, हे खरे. पण नियम माझा होता, बेटा. उपाशी राहायचे की नाही, हे मलाच ठरवू द्यायचे होते."

मुलाने काही उत्तर दिले नाही. परंतु आता हे कुटुंब कोठेही प्रवासाला गेले, की बाकावर बसण्यापूर्वी तो स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारपूस करतो आणि जे कळेल ते जसेच्या तसे येऊन वडिलांना सांगतो. कधी ताटात फक्त भात असतो, कधी तोही नसतो आणि डबा उघडावा लागतो. दादाजी मात्र खोलीत एकटे जेवत नाहीत.