बॉनेटवाली पुस्तकं

परवा लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक डॉलरला एक पुस्तक उचललं. आधी वाचलेलंच होतं, 2008 साली. बेव्हर्ली लुईसची 'द शनिंग' ही कादंबरी. 1997 साली ती आली, खूप खपली आणि मग अमेरिकेत अमिश प्रेमकथांची लाटच आली. मुखपृष्ठावर टोपी घातलेली, नजर खाली वळवलेली मुलगी, मागे शेत, लांबवर घोडागाडी. मी त्यांना 'बॉनेटवाली पुस्तकं' म्हणते. नवरा हसतो. हसू दे, मी बरीच वाचली आहेत!

अमिश माहीत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मंडळी मूळची स्वित्झर्लंड-जर्मनीकडची. 1693 साली याकोब अम्मान नावाच्या माणसामुळे त्यांचा पंथ वेगळा झाला. नंतर ते पेनसिल्व्हेनियात आले. आज अमेरिकेत चार लाखांच्या आसपास आहेत. स्वतःची मोटार नाही, घरात सार्वजनिक वीज नाही, शाळा आठवीपर्यंत. घरात बोलतात एक जर्मन बोली, आणि बाहेरच्या सगळ्यांना म्हणतात 'इंग्लिश'. म्हणजे सांगलीत जन्मलेली मी पण इंग्लिशच!

या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बहुतेक बायका स्वतः अमिश नाहीत, वाचणाऱ्याही नाहीत. त्यात अमिश मुलगी आणि इंग्लिश मुलगा अशी जोडी आली, की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता काय होणार? बऱ्याचदा होतं असं, की मुलगा गाडी विकतो, ती बोली शिकतो, दाढी वाढवतो आणि अमिश होतो. सगळे खूश. प्रत्यक्षात बाहेरून येऊन अमिश होणारे फारच थोडे. पण कादंबरीला ते सोयीचं पडतं, कारण मग कुणालाच काही गमवावं लागत नाही.

खरा नियम कडक आहे. अमिश लोकांत बाप्तिस्मा लहानपणी होत नाही, मोठं झाल्यावर स्वतः ठरवून घ्यायचा असतो. तो घेण्याआधी मुलगी निघून गेली तर घरचे रडतील, पण तिला टाकणार नाहीत. घेतल्यावर मात्र तो शब्द झाला. तो मोडला की 'शनिंग', आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात तेच. 'द शनिंग'मधल्या केटीला पोटमाळ्यावर बाळाचा साटिनचा झगा सापडतो आणि कळतं, की आपण दत्तक आहोत, जन्म देणारी आई इंग्लिश आहे. बिशपशी ठरलेल्या लग्नातून ती ऐनवेळी निघून जाते. बाप्तिस्मा झालेला असतो, त्यामुळे ती वाळीत पडते. बेव्हर्ली लुईसची स्वतःची आजी एका बायबल कॉलेजच्या विद्यार्थ्याशी लग्न करण्यासाठी आपला जुन्या वळणाचा मेनोनाइट समाज सोडून आलेली. मेनोनाइट म्हणजे अमिशांचे भाऊबंदच. त्यामुळे या पुस्तकातलं दुखणं मला नकली वाटत नाही.

तर 2008 साली आई इकडे आली होती. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून तिला लँकेस्टर काउंटी दाखवायला निघालो. मागच्या सीटवर बारा वर्षांची लेक कानात इअरफोन घालून. पुढे एक घोडागाडी चालली होती आणि आम्ही तिच्या मागे रखडलो होतो. वेळ जावा म्हणून मी आईला केटीची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता म्हटलं, वाळीत टाकलेल्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवत नाहीत, त्याच्या हातून काही घेतही नाहीत. त्याने वस्तू टेबलावर ठेवायची, मग दुसऱ्याने ती उचलायची.

आई एकदम म्हणाली, "आमच्या आईने हेच केलं."

मावशीने 1968 साली एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं, एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. आजोबांनी आजीकडून शपथ घेतली होती, तिच्या हातात काही द्यायचं नाही. मग आजी काय करायची, तर गुरुवारी देवळात जाताना डबा भरून न्यायची आणि बाहेरच्या पारावर ठेवून आत जायची. मावशी यायची, डबा उचलायची. पुढच्या गुरुवारी रिकामा डबा पारावर. आजीचं म्हणणं, मी दिला नाही, तिने उचलला. नऊ वर्षं! आजोबा गेले तेव्हाच ते थांबलं.

आपल्याकडे 2016 साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला, तो जातपंचायतींच्या संदर्भात. आमच्याकडे कसली पंचायत, आजोबा एकटेच पुरेसे होते. अमिश निदान म्हणतात, की चूक कबूल करून परत ये, दार उघडं आहे. मावशीने काय कबूल करायचं होतं?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण वेगळं आहे. लेकीचं लग्न ठरलंय. मुलगा अमेरिकन, इथलाच. तिने सांगितलं तेव्हा मी लगेच विचारलं, तो मराठी शिकेल का? पूजेला बसेल का? शाकाहारी होईल का? मला वाटत होतं मी किती समजूतदारपणे घेतेय. खरं म्हणजे मला बॉनेटवाल्या पुस्तकातला शेवट हवा होता. त्याने गाडी विकून आमच्यात यावं.

येत्या शनिवारी त्याचे आईवडील पहिल्यांदा जेवायला येणार आहेत. त्याच्या आईने दोनदा विचारलं, काय करून आणू? दोन्ही वेळा मी गोड आवाजात म्हटलं, काही नको हो, नुसत्या या. मनात होतं, त्यांच्या स्वयंपाकघरातलं, कुठल्या भांड्यातलं कोण जाणे.

लेक ऐकत होती. म्हणाली, "आई, तू डबा पारावर ठेवतेयस."

म्हणजे त्या दिवशी इअरफोनमध्ये गाणी चालू नव्हती तर..

काल मी फोन केला आणि त्यांना सांगितलं, तुम्हाला आवडतं ते एखादं गोड करून आणा. ॲपल पाय आणते म्हणाल्या. दारातच त्यांच्या हातातून घेईन म्हणते.

सांगलीची मंडळी हे वाचणार आहेतच, म्हणून सगळं लिहून ठेवलं. मावशीला मात्र आधी फोनवर सांगितलं. ती खूप वेळ काही बोललीच नाही. मग विचारलं, "तारीख कधीची? तिकिटं महाग होतात."

असो. शनिवारी पाय कसा होता ते कळवीन.