रुंद होडी

देवबागला मामाच्या होडीला उलांडी होती. एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला लाकडाचा ओंडका. होडी तिकडे कलली की पाणी ओंडक्याला वर रेटी, उलट कलली की त्याचं वजन तिला मागे ओढी. मामा तिच्यात खुशाल उभा राहून कर्लीच्या पाण्यात जाळं टाकी.

नोकरीसाठी सिअॅटलला आलो आणि प्युजेट साउंडच्या थंडगार पाण्यात सी-कयाकचा नाद लागला. माझी १७ फूट लांब, २२ इंच रुंद. तिच्यात नवखा माणूस संथ पाण्यातही डुगडुगतो. पण रुंद, सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहते. आडव्या लाटेने पृष्ठभाग तिरका झाला की तीही तिरकी होते. अरुंद, गोलसर तळाची होडी लाटेला खालून जाऊ देते. तिला कंबरेने सरळ ठेवायचं काम तेवढं आपलं. ग्रीनलंडचे शिकारी कयाक बांधत ती बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखी: लांबी साधारण तीन वाव, रुंदी कंबरेहून दोन मुठी जास्त. उलटली तर आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या फटक्याने वर यायचं. ती कोलांटी मीही शिकलो आणि बरीच वर्षं मिरवली.

आता मांड्या कडेखाली दाबून तासन्‌तास बसणं गुडघ्यांना सोसत नाही, हे रुंद होडी घेण्याचं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण दुर्बीण. अर्बोरेटमच्या काठाला, युनियन बेमध्ये, कुमुदाच्या पानांआड थोरला निळा बगळा तासभर खिळलेला असतो. अरुंद कयाकमध्ये दुर्बीण डोळ्याला लावली, तरी कंबर तोल सांभाळत राहते आणि बगळा हलतो. मला मामासारखे मोकळे हात हवे होते.

मग १२ फुटी, ३० इंच रुंद कयाक भाड्याने आणली आणि काठाजवळ मुद्दाम उलटवून पाहिली. (रुंद होडीला हसणाऱ्या मित्रांनी हा खेळ जरूर करावा.) आधी ती दाद देईना, एका कोनापुढे गेली मात्र, आणि अडवायची सोयच उरली नाही. ऐसपैस कॉकपिट काठोकाठ भरलं, पुढे बंद कप्पा नसल्याने नाक बुडालं, उपसता उपसता खांदे भरून आले. सी-कयाकला पुढे-मागे दोन्हीकडे बंद कप्पे असतात, म्हणून ती भरली तरी तरंगत राहते. तेव्हा विकत घेताना निदान मागे कप्पा असलेली निवडली आणि पुढच्या टोकात हवेची पिशवी कोंबली.

तळं आणि समुद्र जोडणाऱ्या बॅलर्डच्या लॉक्सपलीकडे, खाऱ्या पाण्यात, ती नेत नाही. तळ्यावरही वाऱ्याने पांढरा फेस दिसू लागला की परत. लांबोडी विकलेली नाही. सॅन वान बेटांकडे जायचं तर तीच. दोघींना गॅरेजमध्ये जागा करताना बायकोची सायकल भिंतीवर टांगावी लागली, त्याच्या वाटाघाटी अजून चालू आहेत.