येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांतून एक प्रश्न नित्य कानी पडतो : “तिकडे कोणी जाणारे आहे का?” इंदूरहून पुण्यास निघालेल्या माणसाची पिशवी कधीच केवळ त्याची नसते. तीत एका घरची लवंगी शेव असते, दुसऱ्या घरचे बाळंतविडे असतात, तिसऱ्या घरचा दुरुस्तीला द्यावयाचा चष्माही असतो. परतताना त्याच पिशवीतून भाजणी, मेतकूट, आमसुले आणि वर्षाखेर असेल तर नव्या वर्षाचे ‘कालनिर्णय’ येते. घरोघरची पत्रे विरळ झाली, जुलै २०१३ मध्ये तारसेवाही इतिहासजमा झाली, तथापि हा हातोहातीचा व्यवहार काही थांबला नाही. नातेवाइकांशी संबंध राखणे म्हणजे आमच्याकडे बोलण्यापेक्षा कोणाचे तरी काम करून देणे हेच अधिक होते.

हा व्यवहार २०२० च्या मार्चमध्ये एकाएकी खुंटला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीस महामारी म्हटले, २२ तारखेच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. कडुनिंबाची डहाळी शेजारच्या अंगणातून मिळाली. गाठी मात्र कोणाकडेच आणलेल्या नव्हत्या. डब्यातील बत्तासे दोऱ्यात ओवून आम्ही उभयतांनी गुढीला माळ घातली आणि दूरध्वनीवरून सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. पुणे, बडोदे, ग्वाल्हेर, जेथे जेथे आपली माणसे होती तेथे तेथे तीच अवस्था होती.

इंदूरमध्ये निर्बंध विशेष कडक होते. काही दिवस तर किराणा दुकानाची पायरीही चढता येत नव्हती. परंतु आमच्या नगराने गेल्या काही वर्षांत घरोघरचा कचरा उचलण्याची जी शिस्त बसविली होती, ती येथे कामी आली. नगर निगमाने किराणा घरपोच देण्याची व्यवस्था केली आणि आमच्या गल्लीत सामानाची यादी रोजच्या कचरागाडीवरील माणसाकडे दिली जाऊ लागली. गाडीचे गाणे ऐकू आले की एका हातात कचऱ्याची बादली व दुसऱ्या हातात तूरडाळ, चहा, साबण लिहिलेला कागद घेऊन मंडळी फाटकाशी उभी राहत. भाजी दुर्मीळ झाली, तेव्हा मटकी-मुगाला मोड आणण्याचे जुने शास्त्र घरोघर पुन्हा प्रचारात आले.

या याद्यांमुळे एक गोष्ट मात्र घडली. गल्लीत कोणाला काय लागते, हे आम्हांस प्रथमच कळले. शेजारचे आप्पा आणि काकू दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. एका सकाळी त्याचाच दूरध्वनी आला : “काका, आप्पांच्या मधुमेहाच्या गोळ्या चार दिवसांच्याच उरल्या आहेत. तुम्ही आणून द्याल का?” आम्ही होकार दिला आणि सहज विचारले, “तू पुण्यात राहतोस कोठे?” तो म्हणाला, “कोथरूडला.” आमच्या वृद्ध आत्याबाई कर्वेनगरात एकट्या राहतात. दोन घरांत चालत पंधरा मिनिटांचे अंतर! त्याच संध्याकाळी तो त्यांच्या दाराशी उभा राहून, मुखपट्टी बांधून, दुरूनच विचारीत होता, “आत्या, काय काय आणायचं?”

अशा रीतीने एक अदलाबदल सुरू झाली. आम्ही येथे आप्पांची औषधे, काकूंची निवृत्तिवेतनाची बँकेतील कामे, गॅसचे सिलिंडर पाहत असू. तो तेथे आत्याबाईंची रक्तदाबाची औषधे आणी, विजेचे बिल भरी, आणि त्यांना पिशवीबंद पीठ चालत नसल्यामुळे गव्हाचा डबा घेऊन गिरणीतून दळण आणी. आत्याबाईंचा स्वभाव हिशेबी. त्यांनी एक वही घातली व तीत दुधापासून दळणापर्यंत प्रत्येक रुपया टिपून ठेवला. येथे आम्हीही तशीच वही ठेवली. महिनाअखेरीस दोन्ही वह्या दूरध्वनीवर वाचल्या जात, आणि जी काही पाचपन्नास रुपयांची तफावत निघे तेवढीच इकडून तिकडे पाठविली जाई. आत्याबाई म्हणत, “पैशाचं चोख असावं, म्हणजे मागायला संकोच वाटत नाही.”

दृश्य-दूरध्वनीचेही प्रयोग झाले. दर रविवारी रात्री चार शहरांतली कुटुंबे पडद्यावर गोळा होत. कोणाचे नुसते कपाळ दिसे, कोणाच्या घरातला पंखाच दिसत राही, आणि “ऐकू येतंय का?” या एकाच प्रश्नात पहिली दहा मिनिटे जात. आनंद होई, यात शंका नाही. परंतु बोलणे संपल्यावर हात रिकामेच राहिल्यासारखे वाटत. त्या वर्षी १८ सप्टेंबरपासून अधिक आश्विन लागला. लेक-जावई बडोद्यास; तेहेतीस अनारशांचे वाण रिते ठेवणे मनास येईना. तोवर कुरिअर सुरू झाले होते. तांदूळ भिजवून, कुटून, गूळ घालून केलेले अनारसे पेटीत भरून धाडले. पोचले तेव्हा निम्म्यांचा चुरा झाला होता. जावयांनी तो चुरा दुधात घालून खाल्ला, आणि त्या दिवशीचे संभाषण मात्र कोणालाच अपुरे वाटले नाही.

पुढच्या वर्षी साथीने दुसऱ्यांदा उचल खाल्ली. २०२१ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांमधील बसवाहतूक बंद करण्यात आली. सेंधवा ओलांडले की धुळे, एवढीच आम्हांला राज्याच्या सीमेची ओळख. प्रवासात चहा कोठे घ्यावयाचा, याचीच ती खूण होती. माहेर आणि सासर, लेक आणि आई यांच्यामध्ये ती रेषा खरोखरच आखलेली आहे, हे त्या दिवसांत प्रथम जाणवले.

एप्रिलमध्ये घराघरांतील बोलण्याची रीतच बदलली. जेवण झाले का, हा प्रश्न मागे पडला. ताप किती, नाडी किती, प्राणवायू किती, या तीन आकड्यांत खुशाली मावू लागली. आत्याबाईंना ताप आला. आप्पांच्या मुलाने प्राणवायू मोजण्याचे यंत्र, औषधे आणि मऊ भाताचा डबा त्यांच्या दाराच्या कडीला अडकविला व जिन्यावर उभे राहून यंत्रात बोट कसे घालावे ते समजावले. आकडा ९४ च्या खाली गेला तर तत्काळ कळवावयाचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीन दिवस तो ९४ आणि ९५ यांमध्येच घुटमळला. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आत्याबाई पालथ्या निजत आणि दर चार तासांनी आकडा सांगत. बाराव्या दिवशी त्यांनी दळण संपत आल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही निःश्वास सोडला.

येथे मात्र तसे घडले नाही. त्याच पंधरवड्यात आप्पांना रुग्णालयात न्यावे लागले. खाट मिळविण्यासाठी गल्लीतील मंडळींनी किती दूरध्वनी केले, याची गणतीच नाही. काकूही आजारी असल्याने घरातच. मुलगा स्वतः तापाने फणफणलेला. त्याला निघणे अशक्य होते. सहाव्या दिवशी पहाटे आप्पा गेले. ती वार्ता त्याला आम्हीच दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “काका, आईजवळ कोण आहे?”

अंत्यसंस्कार त्या काळच्या नियमांप्रमाणे काही तासांतच झाले. आमच्यापैकी दोघांना दुरून उभे राहू दिले. दुसऱ्याने हाती धरलेल्या दूरध्वनीच्या पडद्यावर मुलाने वडिलांचे अंत्यदर्शन घेतले. अस्थींच्या कलशाला नावाची चिठ्ठी बांधून तो स्मशानभूमीतील कपाटात ठेवण्यात आला आणि किल्ली आमच्या देवघरातील कोनाड्यात राहिली. रोज पूजेच्या वेळी ती दृष्टीस पडे. परक्याच्या घरची एवढी मोठी ठेव आमच्याकडे यापूर्वी कधी आली नव्हती. किंबहुना ‘परक्याच्या’ हा शब्दच आता योग्य वाटत नव्हता.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर तो आला. सुमारे ऐंशी किलोमीटरांवरील ओंकारेश्वरास जाऊन नर्मदेत अस्थिविसर्जन केले. परत आल्यावर त्याने पिशवीतून मेतकुटाचा पुडा आणि आत्याबाईंची वही काढली. एप्रिल महिन्याच्या पानावर औषधे, यंत्र, भाताचे डबे असे सर्व टिपलेले होते. बेरजेची जागा मात्र कोरी होती. खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात एवढेच होते : “या महिन्याचा हिशेब होत नाही.” आम्ही आमची वही काढली नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाविषयीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. गाड्या पूर्ववत् धावत आहेत. आता तर किराणा काही मिनिटांत दारी येतो आणि औषधेही बोटाच्या स्पर्शाने मागविता येतात. ही सोय उत्तमच आहे. वृद्धांना तिचा मोठा आधार आहे, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सामान आणून देणारा तो भला मुलगा आत्याबाईंचा आवाज आज खोल गेला आहे, हे ओळखू शकणार नाही. ते दळणाच्या डब्यासाठी नित्य येणाराच ओळखतो. कामाच्या निमित्ताने दार उघडते, दार उघडले म्हणजे माणूस दिसतो, आणि माणूस दिसला तरच त्याचे दुखणे वेळीच कळते.

म्हणून वाचकांस एक सुचवावेसे वाटते. ज्यांची वडीलधारी माणसे दूरच्या गावी आहेत, त्यांनी तेथील एका शेजाऱ्याचा, औषधाच्या दुकानाचा आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावर लिहून घरात सर्वांना दिसेल असा लावावा. त्या शेजाऱ्याशी केवळ संकटात नव्हे, सणावारीही बोलावे. आणि आपल्या स्वतःच्या गल्लीत ज्यांची मुले दूर आहेत, त्यांचे एखादे काम आपल्याकडे घ्यावे : आठवड्याची भाजी, पासबुकाची नोंद, चष्म्याची दुरुस्ती, काहीही. आमच्याकडे काकूंच्या गोळ्या आणण्याचा दिवस गुरुवार आहे. त्या दिवशी पुडी देऊन लगेच परतता येत नाही. अर्धा तास बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, आणि पुण्याची सर्व हकीकत ऐकावी लागते.