मुलींचे सुवर्णपदक

१९८२ च्या डिसेंबरची पहिली तारीख आमच्या भोरच्या घरात सुतकासारखी गेली. दिल्लीच्या आशियाई सामन्यांत पाकिस्तानने आपल्या हॉकी-संघाचा ७ विरुद्ध १ असा धुव्वा उडविला होता. रेडिओ बंद झाला, काका भरल्या पानावरून उठले आणि ओसरीवर बसून त्यांनी साऱ्या बचावफळीचा उद्धार केला. त्याच सामन्यांत आपल्या मुलींनी सुवर्णपदक पटकाविले. ती वार्ता मात्र घरात कुणी मोठ्याने वाचून दाखविली नाही.

वाचली ती आमच्या धाकट्या बहिणीने. बातमी कातरून तिने आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटविली. त्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन हिचा जन्म पुण्याचा, म्हणजे आमच्या गावापासून सुमारे ५० किलोमीटरांवरचा! धाकटीला ती जणू शेजारच्या आळीतलीच वाटे.

आज त्या गोष्टीचा विचार करता एक मौज दिसते. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९०८ साली, तर स्त्रियांची १९८० साली मॉस्कोत. तेथे एलिझा ज्या संघातून खेळली, तो चौथा आला; परंतु आपल्या पुरुषांना सुवर्ण मिळाले आणि मुलींचा पराक्रम त्यांच्या पेढ्यांत झाकला गेला. दोन वर्षांनी पुरुष हरले, तेव्हा तो त्यांच्या सुतकात झाकला गेला. सरकार मात्र विसरले नाही. एलिझाला अर्जुन पुरस्कार व पद्मश्री असे दोन्ही मान लाभले. १९८२ नंतर २०२३ च्या हांगझाऊ सामन्यांपर्यंत आपल्या मुलींच्या हाती ते पदक पुन्हा आले नाही, यावरून त्याचे मोल कळावे.

धाकटी स्वतः शाळेच्या खो-खो संघाची नायिका होती. त्याच हिवाळ्यात तिची पुण्याच्या सामन्यांसाठी निवड झाली. "परगावी दोन रात्री मुक्काम? मुळीच नाही," असे वडिलांनी सांगितले आणि विषय संपला. वडीलभाऊ या नात्याने आम्हांला एक शब्द टाकता आला असता. आम्ही वर्तमानपत्रात डोके घालून बसलो. ती रडली नाही. मुकाट्याने भांडी विसळू लागली. त्या भांड्यांचा आवाज आम्हांस अजून ऐकू येतो.

पुढे ती वेल्ह्यास शिक्षिका झाली. हॉकीला हवी सपाट जमीन, आणि त्या मुलखात पाहावे तिकडे डोंगर आणि भातखाचरे! तेव्हा कापणी उरकली की एखाद्याचे खाचर मागून घ्यायचे, धसकटे उपटायची आणि मुलींना खेळवायचे, असा क्रम तिने वर्षानुवर्षे चालविला. जालंधरच्या तुतीच्या लाकडाच्या काठ्या तिने पदरच्या पैशाने आणविल्या. पहिल्या खेपेस चारच. बाकीच्या मुली वाकड्या फांद्यांवर भागवीत. आता ती सेवानिवृत्त झाली आहे, पण खाचर सुटलेले नाही.

गेल्या पौषात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. बांधावर उभे राहून सारे धैर्य एकवटले आणि म्हटले, "त्या वेळी आम्ही बोलायला हवे होते."

"कोणत्या वेळी, दादा?" तिने विचारले, पण तिचे लक्ष खेळाकडे होते. इतक्यात चेंडू घरंगळत आमच्या वहाणांशी आला आणि त्याच्यामागून धावत आलेली परकरातली एक चिमुरडी ओरडली, "आजोबा, बाजूला व्हा की!"

आम्ही बाजूला झालो.