सुकवणी, ऊन आणि यंत्र

मारवाडातून व्यापारानिमित्त येऊन चिंचवडला स्थिरावलेल्या घरांत केर, सांगरी, काचरी, वाळवलेली गवार यांचे डबे अजून आढळतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असली की हेच डबे उघडतात. पूर्वी हे सारे गच्चीवर वाळे. आता चाकणच्या वाटेवर घेतलेले नवे घर चौदाव्या मजल्यावर, गच्चीला सोसायटीचे कुलूप आणि हवेत अवजड वाहनांची धूळ.

अशाच एका घरी यंदा चैत्रात विजेवर चालणाऱ्या वाळवणी यंत्रावरून सासू-सुनेत मतभेद झाला. लोणच्याच्या फोडी उन्हातच वाळल्या पाहिजेत, हा सासूबाईंचा आग्रह. उघड्या फोडींवर चिलटे बसतात, मुंग्या लागतात, बंद कपाटात ती विराधना टळते, हे सूनबाईंचे म्हणणे. जयणेचा मुद्दा सासूबाईंना मोडवेना. तेव्हा लोणच्याविषयी महाराजसाहेबांना विचारावे आणि भाजीपुरता निर्णय घरी घ्यावा, असे ठरले.

हिशेबात मुरलेली घरेही या खरेदीत चुकतात, कारण ती केवळ ताटे मोजतात. खरे पाहावे ते पंख्याचे स्थान. तळाशी पंखा असलेल्या गोल यंत्रात खालचे ताट आधी वाळते, म्हणून ताटांची अदलाबदल करीत बसावे लागते. मागे पंखा असलेल्या कपाटवजा यंत्रात वारा प्रत्येक ताटावरून आडवा वाहतो. तापमानही बदलता आले पाहिजे. पुदिन्यासारख्या पाल्याला ४० अंश सेल्सिअस पुरते, गवारीला ५० ते ५५ लागते. घाईने उष्णता वाढवल्यास फोडीवर कवच धरते, ओल आत अडकते, पुढे बुरशी येते आणि पदार्थ अभक्ष्य होतो. (सोबतच्या पुस्तिकेत मात्र पहिला मान कांदा-बटाट्याला!)

५०० वॅटचे यंत्र १० तास चालले तर फार तर ५ युनिट, म्हणजे १० रुपये दराने ५० रुपये. निवडलेल्या १ किलो गवारीचे उरते जेमतेम २०० ग्रॅम. वर्षातून दोनदाच वापरायचे असेल, तर पैसे गुंतवू नयेत.

उन्हावरच चालणारी बंदिस्त वाळवणीही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीजच्या सौर यंत्रांवर शेतकरी महिला भाजीपाला वाळवतात. त्या कामाला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. सासूबाईंना हेच रुचले असते, पण घराची बाल्कनी उत्तरेची.

शेवटी कपाटवजा यंत्र आले, सूर्यास्तापूर्वी ते बंद करण्याच्या अटीवर. पहिली गवार काचेच्या बरणीत आठ दिवस ठेवून सासूबाई रोज हलवून पाहत होत्या. आत बाष्प धरले नाही. कैऱ्या मात्र अजून आणलेल्या नाहीत.