बसविलेली भाषा

भाषा जिभेवर बसते, असे आपण म्हणतो. घरची बोली आईच्या मांडीवर बसली, प्रमाण मराठी शाळेत बसली, आणि सेमिनरीत लॅटिन बसता बसता आमची उमेदीची काही वर्षे सरली. संगणकात मात्र एखादी भाषा अर्ध्या तासात बसविता येते, हे ज्ञान आम्हांस पन्नाशी उलटल्यावर झाले. ती बसविणे सोपे आहे. बसलेली भाषा बदलणे हे तितके सोपे नाही. त्या बदलाविषयी चार शब्द लिहावेत, असे वाटते.

या भाषेचे नाव पायथन. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत हाती काही उद्योग असावा म्हणून तिची सुरुवात केली आणि १९९१ साली ती जगापुढे ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी दूरदर्शन-मालिकेवरून ते घेतले आहे. संगणकाला मुळात कळतात त्या केवळ शून्य आणि एकच्या खुणा. माणसाने पायथनमध्ये लिहिलेली आज्ञा त्याला समजावून देण्यासाठी एक दुभाष्या लागतो. पायथन बसविणे म्हणजे हा दुभाष्या आणि त्याच्या नित्याच्या अवजारांची पेटी यंत्रात आणून ठेवणे होय.

आमचा या भाषेशी संबंध आला तो धर्मग्रामाच्या शिक्षण-साहाय्य निधीमुळे. निधीचा नियम असा, की ज्या घरात माणशी मासिक मिळकत ३,००० रुपयांपर्यंत आहे, त्या घरातील मुलांना फीसाठी मदत द्यावी. अर्ज वाढू लागले तेव्हा, २०१२ साली, आमच्याच एका तरुणाने यादी करणारा छोटासा प्रोग्राम लिहून दिला. तो पायथन २.७ मध्ये होता. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त परदेशी गेला. प्रोग्राम मात्र दरवर्षी जूनमध्ये इमानाने यादी देत राहिला.

पायथनची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजीच आली होती. तिने जुन्या भाषेतील काही गोष्टी जाणूनबुजून मोडल्या. त्यामुळे जुने लिखाण तिच्यात जसेच्या तसे चालेना. जगभर अगणित कामे जुन्या भाषेवर उभी होती. म्हणून ती एका रात्रीत बंद न करता दोन्ही आवृत्त्या अकरा वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदू दिल्या. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ थांबला. त्यानंतर तिच्यात दोष सापडला तरी दुरुस्तीची हमी राहिली नाही. २०२३ साली कार्यालयात नवा संगणक आला, तेव्हा आम्हीही नव्या आवृत्तीकडे वळावयाचे ठरविले.

मदतीस आली ती कॉलेजात संगणकशास्त्र शिकणारी आमच्या वाडीतील एक मुलगी. तिने अधिकृत संकेतस्थळावरून पायथन ३.११ उतरवून घेतले. पहिल्याच खिडकीत तळाशी एक बारीक चौकट होती. तिच्यात तिने खूण केली. "फादर, ही खूण राहिली तर पायथन आत येऊन बसेल, पण हाक मारली तर संगणकाला सापडणार नाही." घर बांधले, पण पोस्टमनला पत्ताच दिला नाही, तसा हा प्रकार. मग तिने काळ्या पडद्यावर आवृत्ती विचारली, आणि आकडा उमटला.

त्या आकड्यातही अर्थ असतो. दुसरा अंक बदलतो तो साधारण दर ऑक्टोबरात; ती आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळे बिऱ्हाड थाटते आणि तिच्यासाठी जोड-अवजारे पुन्हा बसवावी लागतात. तिसरा अंक केवळ डागडुजीचा. ती जुन्याच घरात होते.

मग मूळ प्रोग्राम नव्या भाषेत आणणे आले. 'प्रिंट' या आज्ञेला नव्या भाषेत कंस लागतात. ते नसले तर संगणक तत्काळ अडून बसतो. असे बदल करून देणारे एक साधन त्या वेळी पायथनसोबतच मिळे. त्याने घटकाभरात सारे कंस घातले. प्रोग्राम चालू लागला, तक्रार एकही नाही. आता काम संपले, असे कोणालाही वाटले असते.

परंतु त्या मुलीने जुना संगणक हलवू दिला नाही. "दोन्हींवर गेल्या वर्षीचेच अर्ज घालून पाहू या, फादर." जुन्या संगणकाने ३१ नावे दिली, नव्याने ३०. गळालेले नाव एका विधवा भगिनीच्या मुलाचे होते. घरात माणसे चार. शिवणकाम आणि पेन्शन मिळून महिन्याची मिळकत १२,००३ रुपये. पायथनची दुसरी आवृत्ती पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना अपूर्णांक टाकून देई. तिचे उत्तर ३,०००. तिसरी आवृत्ती चोख उत्तर देते: ३,०००.७५. मर्यादा पाऊण रुपयाने ओलांडली गेली, आणि एका मुलाची फी गेली. बदल करणाऱ्या त्या साधनाने भागाकाराला हातच लावला नव्हता. भागिले जात आहे ते पूर्णांक आहेत की नाहीत, हे नुसत्या लिखाणावरून त्याला कळत नाही.

आम्ही त्या तरुणास परदेशी फोन लावला. पैसे सोडून द्यावेत असे त्याने ठरविले होते काय? तो म्हणाला, "नाही, फादर. तो विचारच मनात आला नव्हता. भाषाच तसे करायची." म्हणजे अकरा वर्षे जी सवलत मिळत होती, ती कोणी दिलेलीच नव्हती! आम्ही हा प्रश्न निधीच्या समितीपुढे ठेवला. थोडी चर्चा झाली आणि ठराव झाला: माणशी मिळकत मोजताना पैसे सोडून द्यावेत. मुलीने प्रोग्राममध्ये भागाकाराच्या एका तिरप्या रेघेच्या दोन केल्या. नव्या भाषेत त्याचा अर्थ, अपूर्णांक सोडून भागा. यादीत पुन्हा ३१ नावे आली.

वाचकहो, कंस नसला तर यंत्र ओरडते. अर्थ बदलला तर ते गप्प राहते. म्हणून नवे आणावे, अवश्य आणावे, पण जुने काही दिवस शेजारी चालते ठेवून दोघांची उत्तरे ताडून पाहावीत. आणि एक गोष्ट आमच्या समितीने वहीत लिहूनच ठेवली आहे: माणसाला द्यावयाची सूट यंत्राच्या सवयीवर सोडू नये, ती आपण ठरवावी, आणि आपल्या नियमात आपल्या शब्दांत लिहावी.